आरोग्यविम्याचा हप्ता: तरुणांनी ज्येष्ठांचा भार किती उचलायचा?

विषुववृत्त

आरोग्यविम्याचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'वर्षभर दवाखान्याची पायरी चढलो नाही, मग एवढा हप्ता कशासाठी?' आणि 'इतकी वर्षं भरले, आता खरी गरज पडली तर दर दुप्पट!' दोन्ही तक्रारी एकाच हिशेबातून निघतात. तो हिशेब मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा.

शंभर जणांचा गट घ्या. ६० तरुण, ३० मध्यमवयीन, १० ज्येष्ठ. उपचारांचा वार्षिक सरासरी खर्च तरुणाचा २०, मध्यमवयीनाचा ४० आणि ज्येष्ठाचा १०० एकक धरू. एकूण १२०० + १२०० + १००० = ३४००. कंपनीचा प्रशासकीय खर्च आणि नफा सध्या बाजूला ठेवलाय.

ज्याचा भार त्यानेच उचलायचा तर हप्ते २०, ४०, १००. सगळ्यांना एकच दर लावला तर प्रत्येकी ३४. आणि 'ज्येष्ठाचा हप्ता तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त नको' असा नियम केला (मध्यमवयीन १.६ पट धरून) तर तरुण २४.६, मध्यमवयीन ३९.४, ज्येष्ठ ७३.९. म्हणजे तरुण आपल्या खर्चापेक्षा साधारण २३ टक्के जास्त भरतो आणि ज्येष्ठाला २६ टक्के सूट मिळते. मधल्या वयाच्या माणसाला फारसा फरक पडत नाही, म्हणूनच बहुधा या वादात त्याचा आवाज ऐकू येत नाही.

तिपटीचा नियम मनचा नाही. अमेरिकेत २०१४ पासून वैयक्तिक विम्याला हीच मर्यादा आहे. तिथल्या प्रमाणित कोष्टकात (एकविशीतल्या माणसाच्या हप्त्याच्या किती पट, या हिशेबाने) २१ व्या वर्षी १.०००, ४० व्या वर्षी १.२७८, ५० ला १.७८६, ६० ला २.७१४ आणि ६४ ला ३.०००. बारकाईने बघा: २१ ते ४० या एकोणीस वर्षांत वाढ २८ टक्के, आणि पुढच्या वीस वर्षांत दुपटीहून जास्त. न्यूयॉर्क आणि व्हरमाँट या राज्यांनी वयाचा फरकच काढून टाकलाय, मॅसॅच्युसेट्सने दुपटीवर थांबवलाय.

तर यातला न्याय्य दर कोणता?

---

गणकयंत्र

गणित बरोबर आहे, पण त्यात शंभरच्या शंभर जण गप्प बसून राहतात. प्रत्यक्षात तसं होत नाही. विमा ऐच्छिक असेल आणि दर सगळ्यांना ३४ असेल तर काय होतं ते तुमच्याच आकड्यांवर चालवून बघू.

पहिल्या वर्षी २० तरुण बाहेर पडतात. कोणते? ज्यांना आपण ठणठणीत आहोत हे माहीत आहे ते. त्यांचा सरासरी खर्च २० नव्हे, समजा ८ होता. ते गेल्याने गटाचा खर्च १६० ने घटला, पण माणसं २० ने घटली. ३२४० भागिले ८० म्हणजे ४०.५. दर १९ टक्क्यांनी वाढला आणि महागाईचा त्यात एक पैसाही नाही.

हा नवा दर बघून आणखी १५ तरुण (सरासरी खर्च १५) आणि १० मध्यमवयीन (सरासरी २०) निघतात. २८१५ भागिले ५५ = ५१.२. गंमत अशी की ज्येष्ठाला ५१ सुद्धा स्वस्तच पडतो, त्याचा खर्च १०० आहे. तो हलत नाही. मग उरलेल्यांतले निरोगी लोक पुढच्या रांगेत.

याला कागदावरची भीती समजू नका. हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या विम्याची वर्गणी अशी बदलली की महागडी, जास्त सवलतींची योजना निवडणाऱ्याला फरक स्वतःच्या खिशातून भरावा लागू लागला. त्या योजनेतून तरुण आणि निरोगी कर्मचारी निघून गेले, दर चढत गेला आणि काही वर्षांतच ती योजना गुंडाळावी लागली. न्यूयॉर्कने १९९३ मध्ये एकसमान दर आणला, पण विमा घेण्याची सक्ती केली नाही. तिथला वैयक्तिक विम्याचा बाजार आक्रसत गेला.

त्यामुळे 'न्याय्य दर कोणता' या आधी 'लोक आत टिकतील कशाने' हे विचारावं लागतं. उत्तरं तीन प्रकारची दिसतात. सरळ सक्ती (नेदरलँड्स, स्वित्झर्लंड). उशिरा येणाऱ्याला दंड (ऑस्ट्रेलिया, आयर्लंड). किंवा बाहेरून अनुदान देऊन दर इतका खाली आणायचा की निरोगी माणसालाही घेणं परवडावं.

---

कोकिळा

दंडाचा तपशील द्याल का? ऐकून आहे, पण नेमका कसा लागतो ते कळलं नाही.

---

गणकयंत्र

@कोकिळा, ऑस्ट्रेलियात १ जुलै २००० पासून आहे. रुग्णालय-भरतीचा विमा एकतिसाव्या वाढदिवसानंतरच्या १ जुलैपर्यंत घेतला नाही, तर त्यानंतर घेताना तिशीपुढच्या प्रत्येक वर्षाला २ टक्के अधिभार. चाळिसाव्या वर्षी घेतला तर २० टक्के. कमाल ७० टक्के. सलग दहा वर्षं विमा चालू ठेवला की अधिभार निघून जातो. आयर्लंडने १ मे २०१५ पासून याच धर्तीवर केलं, फक्त मोजणी ३५ व्या वर्षापासून.

ऑस्ट्रेलियाने पुढे एप्रिल २०१९ पासून कंपन्यांना उलट्या बाजूची मुभा दिली: १८ ते २५ वयोगटाला १० टक्क्यांपर्यंत सूट, ती वयाच्या ४१ व्या वर्षापर्यंत टिकते आणि मग वर्षाला दोन-दोन टक्क्यांनी उतरते. म्हणजे आधी काठी, मग गाजर.

दोष कुठे आहे? अधिभार वर्षं मोजतो, आजार मोजत नाही. आणि ज्याला तिशीत परवडत नव्हतं म्हणून विमा घेतला नाही, त्यालाही तोच दंड.

---

तिसरा_आकडा

इथे एक गफलत होतेय. आपण तरुण आणि ज्येष्ठ असे दोन वेगळे लोक धरून बोलतोय. तरुण म्हणजे चाळीस वर्षांआधीचा ज्येष्ठच. म्हणून युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ च्या निकालात विमा-हप्त्यात स्त्री-पुरुष फरक करायला बंदी घातली (२१ डिसेंबर २०१२ पासून लागू), तरी वयावरचा फरक राहिला. स्त्री-पुरुष भेद आयुष्यभर एकाच बाजूला राहतो. वय मात्र सगळ्यांच्या वाट्याला क्रमाने येतं.

मग एकाच माणसाचा आयुष्यभराचा हिशेब करू. २५ ते ४४ ही वीस वर्षं २० प्रमाणे ४००. ४५ ते ६४ ही वीस वर्षं ४० प्रमाणे ८००. ६५ ते ८४ ही वीस वर्षं १०० प्रमाणे २०००. बेरीज ३२००, भागिले ६० वर्षं = वर्षाला ५३.३. (सगळे ८४ पर्यंत जगत नाहीत, त्यामुळे खरा आकडा खाली येईल. व्याज आणि महागाई दोन्ही सोडलंय. दिशा कळायला पुरे.)

आता विषुववृत्त यांच्या गटाचा एकसमान दर बघा: ३४. आयुष्याचा खरा सरासरी खर्च ५३ आणि भरायचे ३४. हे १९ एकक कुठून आले? गटात तरुण जास्त आहेत तिथून. ज्या पिढीने तरुण लोकसंख्येच्या काळात ३४ भरले तिला स्वस्त पडलं. पुढे जन्मदर घटून तिन्ही वयोगट सारखे झाले की दर आपोआप ५३ कडे सरकतो, कोणीही लबाडी न करता. तेव्हा जो तरुण असेल त्याला आयुष्यभर ५३ भरावे लागतील.

म्हणून माझ्या मते भांडण तरुण विरुद्ध म्हातारे असं नाही. आधी जन्मलेले विरुद्ध नंतर जन्मलेले असं आहे. 'तू म्हातारा होशील तेव्हा तुझं तरुण बघतील' हे आश्वासन पुढच्या तरुणांच्या संख्येवर उभं आहे. आजचा जास्तीचा हप्ता कुठल्याही पेटीत साठत नाही, त्याच वर्षी खर्च होतो.

---

निम्नदशांश

@तिसरा_आकडा, हे आतापर्यंतचं सगळ्यात नेमकं. पेटीत साठवणारी पद्धतही आहे, जर्मनीतला खाजगी विमा. तिथे बहुसंख्य लोक सरकारी योजनेत असतात, तिची वर्गणी उत्पन्नाच्या टक्केवारीत, वयाचा संबंध नाही. पण खाजगी विमा घेणाऱ्याकडून तरुणपणी खर्चापेक्षा जास्त हप्ता घेतात आणि वरची रक्कम 'वार्धक्य राखीव निधी'त जाते. शिवाय २००० सालापासून २१ ते ६० वयात १० टक्के कायदेशीर अधिभार लागतो, तो ६५ नंतरची हप्तावाढ रोखायला वापरतात.

ऐकायला आदर्श. बिघाड दोन ठिकाणी होतो.

एक, निधी कंपनीकडे अडकतो. कंपनी बदलली की साठवलेलं मागेच राहायचं. त्यामुळे पन्नाशीच्या माणसाला कंपनी बदलणं जवळपास अशक्य होतं, आणि ज्याला सोडून जाता येत नाही त्याची मर्जी कोण राखणार? २००९ पासूनच्या नव्या करारांत निधीचा एक भाग सोबत नेता येतो. एक भाग, पूर्ण नाही.

दोन, हिशेब करताना आजचेच उपचार-दर धरतात, पुढची वैद्यकीय महागाई धरत नाहीत. ती आली की प्रत्येक वेळी नव्याने हप्ता वाढवावा लागतो, आणि सत्तरीच्या माणसाकडे ती तूट भरून काढायला वर्षंच कमी उरलेली असतात, म्हणून त्याची वाढ मोठी दिसते. भरीस भर, व्याजदर घसरले की निधी अपुरा पडतो. तेव्हा साठवण केली की प्रश्न सुटला असं नाही. लोकसंख्येची जोखीम जाते आणि व्याजदराची येते.

---

विषुववृत्त

जपानचं उदाहरण इथे चपखल बसेल. त्यांनी एप्रिल २००८ मध्ये ७५ वर्षांवरच्यांची वेगळी योजनाच काढली. वाटणी उघड लिहिलेली: साधारण ५० टक्के सरकारी तिजोरी, ४० टक्के तरुणांच्या विमा-योजनांकडून 'साहाय्य वर्गणी', १० टक्के ज्येष्ठांचे स्वतःचे हप्ते. उपचाराच्या वेळी ज्येष्ठ १० टक्के भरतात. कमावत्या माणसाइतकं उत्पन्न असेल तर ३० टक्के, आणि ऑक्टोबर २०२२ पासून मध्यम उत्पन्न असलेल्यांना २० टक्के.

मला यातली उघड वाटणी आवडते. कोण कुणासाठी किती देतो ते पगाराच्या चिठ्ठीपर्यंत पोचतं. एकत्र गटात हेच हस्तांतरण होतं, फक्त दिसत नाही. आणि दिसू लागलं की दुरुस्तीही होते. २०२४ पासून तिथे ज्येष्ठांचा हप्ता आणि तरुणांची साहाय्य वर्गणी दरडोई सारख्याच गतीने वाढावी असा नियम आला, आणि बाळंतपणाच्या एकरकमी मदतीचा काही वाटा ज्येष्ठांकडूनही घेऊ लागले.

---

कोकिळा

सगळेच 'तरुण म्हणजे देणारा, ज्येष्ठ म्हणजे घेणारा' असं धरून चालले आहेत. उत्पन्नाचं काय? हप्त्याच्या आतून दिलेली सूट हा एक छुपा कर आहे, आणि करांमध्ये सर्वात वाईट प्रकारचा, कारण तो वयावर बसतो, ऐपतीवर नाही. नुकतीच नोकरी लागलेली पंचविशीतली मुलगी २० च्या जागी २४.६ भरते आणि त्यातून तीन घरांचं भाडं खाणाऱ्या बासष्ट वर्षांच्या गृहस्थांना २६ ची सूट मिळते. दुसरीकडे निवृत्तिवेतन नसलेल्या ज्येष्ठाला ७३.९ सुद्धा परवडत नाहीत.

ज्येष्ठांना मदत जरूर करा, पण ती करातून, उत्पन्न बघून. हप्ता खर्चाच्या जवळ ठेवा.

---

गणकयंत्र

@कोकिळा, तत्त्व म्हणून मान्य. पण करातून येणारं अनुदान दर वर्षीच्या अंदाजपत्रकावर लटकलेलं असतं. आतली सूट कुरूप असली तरी तिला कोणी एका सहीने बंद करू शकत नाही. स्वित्झर्लंड दोन्ही करतं: १९९६ पासून २६ वर्षांवरच्या सर्वांना त्या कंपनीचा, त्या विभागातला एकच दर, आणि कमी उत्पन्नवाल्यांना करातून हप्ता-सवलत.

एकच दर ठेवला की आणखी एक यंत्रणा अटळ होते, ती विसरू नका. कंपन्यांना तरुण ग्राहक म्हणजे नफा आणि ज्येष्ठ म्हणजे तोटा. मग दर वाढवता येत नाही म्हणून त्या वेगळ्या वाटा काढतात: व्यायामशाळेची सवलत देणारी जाहिरात, फक्त मोबाइलवरून अर्ज, सांधेबदलाला कमी मर्यादा. यावर उपाय म्हणजे जोखीम-समायोजन. ज्या कंपनीकडे तरुण जास्त तिने सामाईक निधीत पैसे भरायचे, जिच्याकडे ज्येष्ठ आणि दीर्घ आजाराचे लोक जास्त तिने घ्यायचे. आयर्लंडची जुनी योजना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केली होती, सुधारित योजना २०१३ पासून चालू आहे. समायोजनाशिवाय एकसमान दर म्हणजे बुडाला भोक असलेली बादली.

---

रानवारा

एक छोटी भर. खर्च वयामुळे वाढतो की मृत्यू जवळ आल्यामुळे, यावर पीटर त्स्वाइफेल आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या लेखापासून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं असं की खर्चाचा डोंगर शेवटच्या काही तिमाहींत उभा राहतो. ज्येष्ठांमध्ये त्या तिमाहीत असलेले लोक जास्त, म्हणून सरासरी वर जाते. यात तथ्य असेल तर आयुर्मान वाढलं म्हणजे त्याच प्रमाणात खर्च वाढेल असं नाही, तो डोंगर पुढे ढकलला जाईल. दीर्घकालीन शुश्रूषेला मात्र हे लागू होत नाही, तिचा खर्च वयाबरोबर खरोखर चढतो.

---

दावे_दप्तरी

धोरणाची चर्चा उत्तम. पण सामान्य विमाधारकासमोर असते ती नूतनीकरणाची नोटीस, आणि तिच्यावर एकच आकडा छापलेला असतो. तो फोडायचा कसा ते लिहितो.

समजा गेल्या वर्षी १०० होता, यंदा १४८.५. यात बहुतेक वेळा तीन गुणक एकमेकांवर चढलेले असतात. वयोगट बदलला: × १.२५. वैद्यकीय महागाई: × १.१०. त्या योजनेतले दावे अपेक्षेपेक्षा जास्त आले: × १.०८. गुणाकार १.४८५. कंपनीला लेखी विचारा की वाढीत या तिन्हींचा वाटा किती. उत्तरावरून पुढचं ठरतं.

वयाचा गुणक मोठा असेल तर कोष्टक मागवा. पाच-पाच वर्षांचे गट असतील तर ६० चा ६१ होताना २५ टक्क्यांची उडी दिसते आणि मग चार वर्षं काही नाही. दर वर्षी साधारण ४.६ टक्के वाढणारं कोष्टकही पाच वर्षांत तिथेच पोचतं. अन्याय वाटतो तो पायरीचा, चढ तोच असतो. हे कळलं की घाबरून विमा बंद करण्याची चूक टळते.

दाव्यांचा गुणक मोठा असेल तर सावध व्हा. विचारायचा प्रश्न एकच: ही योजना नवीन ग्राहकांना अजून विकली जाते का? विक्री बंद झालेली योजना म्हणजे पाणी येणं थांबलेलं तळं. नवे तरुण आत येत नाहीत, असलेले एकत्र म्हातारे होतात, निरोगी लोक नव्या स्वस्त योजनेत उड्या मारतात आणि ज्यांना आजार जडलाय ते मागे राहतात. गणकयंत्र यांनी वर दाखवलेलं चक्र इथे एका योजनेच्या आत फिरतं. पिढ्यांमधला खरा अन्याय मी इथे मानतो. तिपटीच्या मर्यादेत तो नाही, कारण ती मर्यादा निदान नियमात लिहिलेली असते.

भारतातले काही नियम या संदर्भात उपयोगी: विमा नियामकाच्या जानेवारी २०२५ च्या आदेशाने ६० वर्षांवरच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (सुरुवातीची वर्षं, ज्यात त्या आजारांचा दावा मिळत नाही) जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि पाच वर्षं सलग विमा असला की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही. दहा टक्क्यांची मर्यादा मात्र दुधारी आहे. खर्च त्याहून वेगाने वाढला तर फरक तरुणांच्या हप्त्यात जातो, किंवा कंपनी ज्येष्ठांसाठीची योजनाच विकेनाशी होते.

---

कोकिळा

@दावे_दप्तरी, फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) आईवडील आणि मुलं एकत्र असतील तर? तिथे कोण कुणाचा भार उचलतं?

---

दावे_दप्तरी

फ्लोटरचा हप्ता सहसा सर्वात मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो, बाकीच्यांची भर त्याच्या पटीत. त्यामुळे बासष्ट वर्षांचे वडील आणि तिशीतली मुलं एका पॉलिसीत घातली की मुलांची किंमतही वडिलांच्या वयोगटाने चढू शकते. शिवाय विमारक्कम सामाईक. वडिलांच्या एका मोठ्या शस्त्रक्रियेत ती संपली तर वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत मुलांना कवच नाही, आणि दावा-विरहित बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारा फायदा) सगळ्यांचाच घटतो किंवा जातो.

वेगळं करायचं तर क्रम सांभाळा. दोन्ही रचनांचे दर एकाच विमारकमेवर काढून तुलना करा. विभागणी नूतनीकरणाच्या तारखेलाच करा, मध्येच नको. अर्ज दीड-दोन महिने आधी द्या. आईवडिलांची पूर्ण केलेली प्रतीक्षाकाळाची वर्षं नव्या पॉलिसीत मोजली जातील हे लेखी घ्या, तोंडी आश्वासन चालत नाही. नवी पॉलिसी हातात पडून तिच्यावर जन्मतारखा, जुने आजार आणि 'पहिल्या विम्याची तारीख' बरोबर छापलीय हे तपासल्याशिवाय जुनी सोडू नका. त्या शेवटच्या रकान्यात चुकून चालू वर्ष छापलं गेलं तर प्रतीक्षाकाळ पुन्हा शून्यापासून मोजला जातो, आणि ही चूक पहिला दावा नाकारला जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

ज्येष्ठांच्या पॉलिसीत हप्ता कमी करायला को-पे (प्रत्येक बिलाचा ठरलेला टक्का आपण भरायचा) घ्यावा की डिडक्टिबल (आधी ठरलेली रक्कम आपण भरायची, त्यापुढचं कंपनीने), असा पुढचा प्रश्न येतोच. २० टक्के को-पे म्हणजे ५०० च्या बिलात १०० आणि २००० च्या बिलात ४००, वर मर्यादा नाही. वर्षाला १०० चं डिडक्टिबल असेल तर यातलं कुठलंही बिल आलं तरी १००च. हप्त्यातली बचत सारखीच असेल तर डिडक्टिबल घ्या आणि तेवढी रक्कम बँकेत वेगळी ठेवा.